बाटली आणायला गेलेलं पोर

आमच्या घरात खाकी कापडाची एक पिशवी होती. शाळेची चड्डी बसायच्या जागी विरली की उरलेल्या धड कापडातून आई असल्या पिशव्या शिवायची. या पिशवीत मात्र कधी भाजी आली नाही, किराणा आला नाही. ती मोरीजवळच्या खुंटीला वेगळी टांगलेली असायची. आण्णा साखर कारखान्यातली पाळी संपवून आले, हातपाय धुतले, की नुसती मान त्या खुंटीकडे वळवत. तोंडानं काही बोलत नसत. मी पिशवी काढायची, आत कालची रिकामी बाटली आहे ना बघायचं, मुठीत नाणी घ्यायची आणि वेशीबाहेरच्या सरकारमान्य देशी दारूच्या दुकानाकडे सुटायचं. रिकामी परत दिली की काही पैसे वळते होत. साल १९७५. मी सहावीत होतो.

दुकानदार विचारायचा, "आज पावशेर का अर्धा?" शाळेत गुरुजी आम्हाला लिटर-मिलिलिटर घोकवत होते. शेर, पावशेर, नवटाक ही मापं सरकारनं साठच्या दशकातच मोडीत काढली होती. दुधाच्या डेअरीतून आणि तेलाच्या दुकानातून ती हळूहळू गेलीही. दारूच्या दुकानात मात्र तगली. बाटलीवर मिलिलिटर छापलेले, तोंडात पावशेर. नवटाक म्हणजे पावशेराचा निम्मा. आजच्या तरण्या पोराला नवटाक म्हणजे नेमकं किती हे सांगता येणार नाही, पण 'नवटाक मारून आलाय' म्हटलं की लगेच कळतं.

पैसे मोजून झाले की दुकानदार बरणीतून लिमलेटची एक गोळी काढून हातावर ठेवायचा. ती फुकट. पुढे कितीतरी वर्षांनी या गोळीची गाठ मला एका परक्या देशाच्या इतिहासात पडली, ते पुढे येईलच.

आण्णा स्वतः का जात नसत, हे मला तेव्हा कळत नव्हतं. कारखान्यात त्यांना मान होता, गावात चार माणसं सल्ल्याला यायची. दुकानाच्या फळीपुढे उभं राहिलेलं कुणी बघावं हे त्यांना सोसणारं नव्हतं. पोराचं काय, पोराला कुठं अब्रू असते? असा तो साधा हिशेब होता, आणि आळीतल्या निम्म्या घरांचा तोच होता. तिन्हीसांजेला त्या वाटेवर माझ्यासारखी तीन-चार पोरं भेटायची. आम्ही एकमेकांशी बोलत नसू. पिशवी मात्र सगळ्यांचीच ओळखू यायची.

मी पुढे शिक्षक झालो. मराठी आणि इतिहास शिकवून काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. वेळ मोकळा झाल्यावर महाराष्ट्रातल्या दारूबंदीचा इतिहास वाचायला घेतला. खरं सांगायचं तर दारूबंदीत मला फारसा रस नव्हता. ते पिशवीवालं पोर त्या इतिहासात कुठं भेटतं का, एवढंच बघायचं होतं.

सुरुवातीला ते कुठंच भेटेना. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा झाला, दारू गाळायचा आणि विकायचा हक्क मक्त्यात गेला आणि सरकारी तिजोरीत पैसा वाहू लागला. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद या नात्यानं वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. दुकानांची संख्या त्यांना दिसली आणि गरिबांच्या संसाराची धूळधाणही दिसली. मग १९०८. टिळकांच्या पुढाकारानं पुण्यात गुत्त्यांपुढे निरोधन सुरू झालं. दारात उभे राहणारे बरेचसे विद्यार्थी होते. हे वाचताना मी थोडा सरसावून बसलो. पोरं आली तर खरी, पण उलट्या बाजूनं: बापाच्या वयाच्या माणसाला हात जोडून 'आत जाऊ नका' म्हणणारी. पोलिसांनी त्यांना धरलं, खटले भरले. त्यांतल्या एखाद्याच्या घरी मोरीजवळ खुंटी होती का, हे कोणत्याच पुस्तकात नाही.

'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ साली. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. हे नाटक मी वर्गात कितीदा शिकवलं असेल. बालगंधर्वांची सिंधू बघून म्हणे प्रेक्षागृहं रडायची. त्या नाटकानं आपल्या मनात दारूचं एक चित्र कायमचं ठसवलं: पिणारा नवरा, सोसणारी बायको आणि मध्ये बळी जाणारं तान्हं मूल. पण पाळण्यातल्या मुलाला निदान दुकानात पाठवता येत नाही. दहा-बारा वर्षांचं, सगळं कळणारं, पैसे मोजून घेणारं पोर त्या चित्रात नाही. पुढच्या दारूबंदी प्रचाराच्या नाटकांत नि चित्रपटांतही मला ते क्वचितच दिसलं. रडणारं मूल दिसतं. सामान आणणारं दिसत नाही.

१९३० साली गांधीजींनी स्त्रियांना दारूच्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधन करायला सांगितलं, आणि कालपर्यंत उंबऱ्याआड असलेल्या बायका गुत्त्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. पुढे काँग्रेसचं सरकार आलं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि डॉ. गिल्डर अबकारी मंत्री असताना १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी झाली. ते मंत्रिमंडळ त्याच वर्षी पायउतार झालं आणि बंदीचा जोर ओसरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहानं १९४९चा कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्य कागदोपत्री कोरडं झालं.

कागदोपत्रीच. माझे चुलते तेव्हा लालबागला, गिरणीत साच्यावर होते. आमच्या सातारा भागातली निम्मी तरणी माणसं तेव्हा गिरणगावातल्या खोल्यांत दाटीवाटीनं राहायची. चुलते सांगायचे, बंदीच्या काळात दारू मिळत नव्हती असा एक दिवस त्यांनी बघितला नाही. आंटीचे अड्डे होते, खाडीकाठी भट्ट्या होत्या. काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय. माल यायचा सायकलच्या ट्यूबमधून, नाहीतर फुटबॉलच्या ब्लॅडरमधून, आणि तो वाहणाऱ्यांत पोरंही असायची. "का, तर पोराला धरून पोलीस करणार काय? दोन थपडा मारून सोडायचे," चुलते म्हणायचे. म्हणजे आण्णांचा हिशेब धंदेवाल्यांनी आधीच मांडून ठेवला होता. फक्त त्यांच्या हिशेबात अब्रूऐवजी तुरुंग होता.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बंदी सैल झाली, परवानाधारक देशी दुकानं गावोगाव उघडली आणि आमच्या वेशीबाहेरचंही त्यातच आलं. कायदा मात्र रद्द झाला नाही. महाराष्ट्रात आजही दारू विकायचा परवाना मिळतो तो 'दारूबंदी अधिनियम, १९४९' या कायद्याखाली. प्यायलाही परवाना लागतो: एका दिवसाचा, वर्षाचा किंवा तहहयात. विदेशी दारूचा एका दिवसाचा पाच रुपयांना, देशीचा दोन रुपयांना. वयाची अटही आहे. बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण हवीत, व्हिस्की-रमला २५. ग्रामपंचायतीला उभं राहायला २१ लागतात आणि आमदारकीला २५. हा योगायोगच असणार, पण वर्गात सांगितल्यावर पोरं खदखदून हसायची आणि मग नागरिकशास्त्र त्यांच्या लक्षात राहायचं.

एवढ्या अटी. पण सगळ्या फळीपुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या. घरातून त्याला पाठवलं कुणी, हे विचारायची सोय त्यांत नाही.

ते पोर मला शेवटी सापडलं इंग्लंडमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या कामकरी वस्त्यांत रात्रीच्या जेवणाबरोबरची बिअर आणायला मुलांना पाठवायची रीतच होती. पोर रिकामा जग घेऊन कोपऱ्यावरच्या पबमध्ये जायचं, भरून आणायचं आणि वाटेत घोट घोट चाखायचं. काही दुकानदार पोरांनी आपल्याकडेच यावं म्हणून त्यांच्या हातावर गोड गोळ्या ठेवायचे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून अंगणात एक चक्कर मारून आलो. लिमलेटची गोळी सातासमुद्रापलीकडे होती तर!

यावर १९०१ साली पार्लमेंटनं कायदा केला. १४ वर्षांखालच्या मुलाला दारू विकायची नाही; पण बाटली बूच मारून मोहोरबंद केलेली असेल आणि ठरलेल्या मापाहून लहान नसेल, तर चालेल. म्हणजे पोरानं आणायला हरकत नाही, वाटेत चाखू नये एवढंच. दिवसभर राबून आलेल्या माणसानं पुन्हा बिअर आणायला बाहेर पडायचं काय, असा आईबापांच्या बाजूनं तेव्हा ओरडा झाला होता. कायदा करणाऱ्यांनी बापाला दुखवलं नाही. मोहोर लावली ती बाटलीला.

मोहोरबंद बाटलीचा उपाय किती पुरतो हे मी स्वतःच्या जिभेवरून सांगू शकतो. आमच्या दुकानातली बाटलीही सीलबंदच असायची. पण जाताना पिशवीत असायची ती रिकामी, आणि रिकामी बाटली पूर्ण रिकामी कधीच नसते. मारुतीच्या देवळामागं थांबून मी ती उपडी धरायचो. चार-पाच थेंब यायचे. पहिल्यांदा जीभ भाजली. दुसऱ्यांदा कमी भाजली. पावसाळा संपेपर्यंत मी त्या थेंबांची वाट बघायला लागलो होतो. सहावीतला मुलगा, चार थेंबांसाठी दुपारपासून संध्याकाळची वाट बघणारा. ही गोष्ट मी साठीपर्यंत कुणाला सांगितली नाही.

इंग्लंडमध्ये १९०८ साली पुढचा कायदा झाला. त्यानं १४ वर्षांखालच्या मुलांना दारूच्या बारमध्ये मज्जाव केला आणि पाच वर्षांखालच्या मुलाला, आजारपण सोडून एरवी, दारू पाजणं हा गुन्हा ठरवला. पाच वर्षांखालच्या! असा कायदा करावा लागला म्हणजे तसं घडत होतं. आपण नाकं मुरडायचं कारण नाही. थंडीत पोराची छाती भरली की चमचाभर ब्रँडी पाजायची, छातीला चोळायची, हे आपल्याकडच्या कितीतरी सोवळ्या घरांतही चालायचं. बाटली देव्हाऱ्याखालच्या फडताळात औषध म्हणून असायची. ज्या ग्राइप वॉटरवर आपल्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्याच्या मूळ विलायती कृतीतही अल्कोहोल होतं, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. विलायतेत ते १९९२ साली निघालं. आजीच्या हातचा चमचा नि बापाच्या हातचा पेला यांत फरक आहे, हे मला मान्य आहे. पण पहिला थेंब बहुतेकांना घरातूनच मिळतो, दुकानातून नाही, एवढं त्यावरून कळतं. १९०८च्या त्या कायद्याच्या धर्तीवर १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा झाला. आमच्या गावात त्याची खबर पोचली नाही.

आमच्या गावात पोचलेली व्यवस्था वेगळी होती, आणि तीही घरातलीच होती. माळ.

वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळ म्हणजे देवाची खूण, हे झालं कीर्तनातलं. घरात तिचा व्यवहार फार रोखठोक असतो. माळ घातली की मांस-मच्छी बंद, दारू बंद, एकादशी करायची, वर्षातून पंढरीची वारी चुकवायची नाही. माळ तुटली तर परत ओवून गळ्यात घालेपर्यंत अन्न घ्यायचं नाही. आमच्या भागात पोरगं वाया जातंय असं दिसलं की आईबाप किंवा आजी त्याला आळंदीला नाहीतर पंढरपूरला घेऊन जायचे आणि एखाद्या महाराजांच्या हातून माळ घालायचे. कायद्यातली वयाची अट खालून वर मोजायची: इतक्या वर्षांचा झाल्यावर पी. माळेची अट कुठूनही सुरू व्हायची आणि संपायची नाही. अर्थात पळवाटा माळेलाही होत्या. आमच्या गावात एक गृहस्थ यात्रेच्या रात्री माळ काढून खुंटीला अडकवत, सकाळी अंघोळ करून परत घालत. गाव त्यांना 'खुंटीमाळकरी' म्हणायचं. गावानं ठेवलेल्या नावाची भीती कुठल्याही इन्स्पेक्टरपेक्षा मोठी होती.

माझी आजी माळकरी. दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी मी दुकानातून परतलो आणि तिनं मला जवळ ओढून माझ्या तोंडाचा वास घेतला. नुसता एकदा. मग माझ्या खांद्यावरची पिशवी काढली, आतली भरलेली बाटली आण्णांच्या पुढ्यात ठेवली आणि पिशवी चुलीत घातली. खाकी कापड लवकर पेटेना. फुंकणीनं फुंकून फुंकून तिनं ते पेटवलं. आण्णा खाली मान घालून बसले होते. "पायजे तर तुजा तू जा," एवढंच ती म्हणाली. मला तिनं मारलं नाही, बोलली नाही. कार्तिकीला मला पंढरपूरला नेलं. माझ्या गळ्यात आज आहे ती त्या वेळची माळ नव्हे. मणी झिजले, दोरा कितीदा बदलला. पण तेव्हापासून गळा रिकामा नाही.

आण्णांची दारू सुटली नाही. ती गोष्ट इथं गोड करून सांगण्यात अर्थ नाही. ते अंधार पडल्यावर टॉवेलानं तोंड गुंडाळून स्वतः जायला लागले, आणि शेवटी लिव्हरच्या दुखण्यानंच गेले. आळीतल्या बाकीच्या पोरांपैकी दोघं पुढे त्याच दुकानाची कायमची गिऱ्हाइकं झाली. त्यांच्या घरी पिशवी जाळणारं कुणी नव्हतं, की त्यांना माझ्याहून जास्त थेंब मिळाले, मला माहीत नाही.

एकेका आजीनं चुलीपाशी केलं ते बायकांनी चावडीवर आणायला बराच काळ गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावोगावच्या लोकांबरोबर, विशेषतः बायकांबरोबर, काही वर्षं चळवळ चालवली आणि १९९३ साली तिथं जिल्हाभर दारूबंदी झाली. वर्ध्यात ती सत्तरच्या दशकापासूनच होती. चंद्रपूरच्या बायका २०१० साली चिमूरहून नागपूरला विधिमंडळावर चालत गेल्या; त्यांना २०१५ साली बंदी मिळाली आणि २०२१ मध्ये ती उठलीही. या बंद्यांचा उपयोग किती यावर माणसं तावातावानं भांडतात. माझं मत विचाराल तर जिल्ह्याच्या हद्दीवर बंदी टिकत नाही. घराच्या हद्दीवर कधी कधी टिकते.

आमच्याकडे आली ती उभी बाटली-आडवी बाटली. २००८ सालच्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के बायकांनी सह्या करून अर्ज दिला, सह्या पडताळल्या गेल्या, की दुकानासाठी गुप्त मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं. उभ्या बाटलीला शिक्का म्हणजे दुकान राहू द्या, आडवीला म्हणजे बंद करा. आमच्याच जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात बायकांनी असे शिक्के मारून एकामागून एक दुकानं बंद केली, तेव्हा आमच्या गावालाही जोर आला.

मतदान शाळेत होतं, त्यामुळे मी मदतीला होतो. बायका जत्रेला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या. रांगेतल्या एका म्हातारीला मतपत्रिकेचा नमुना समजावून सांगत होतो. आडवी बाटली बघून ती म्हणाली, "मास्तर, ही काय बंद झालेली न्हवं. आमच्यात संपली की अशी आडवी पडती. तिच्या शेजारी मानूस पन."

रांग हसली. पण मतदान आम्ही हरलो. कारण हिशेब झालेल्या मतदानाचा नसतो, यादीचा असतो: यादीत जेवढ्या बाया, त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायांचा शिक्का आडव्या बाटलीवर पाहिजे. लग्न होऊन पुण्या-मुंबईला गेलेल्या लेकी, ऊसतोडीला गेलेल्या बाया, आणि यादीतून नाव न निघालेल्या मेलेल्या सासवा, या सगळ्या जणू उभ्या बाटलीला मत देऊन मोकळ्या झाल्या. आलेल्यांत बहुतेकींनी आडवीलाच शिक्का मारला होता. माझी आजी तेव्हा जिवंत नव्हती, पण तिचं नाव यादीत होतं. म्हणजे ज्या बाईनं पिशवी जाळली, तिचं मत कायद्यानं दुकानाच्या बाजूनं धरलं गेलं.

मग आला २०१५चा बालन्याय कायदा. त्याच्या ७७व्या कलमात मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ७८वं कलम मी वाचलं तेव्हा चष्मा पुसून परत वाचलं. दारू विकायला, वाहून न्यायला, पोचवायला मुलाचा वापर करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. 'वाहून न्यायला'. पिशवीवालं पोर अखेर कायद्याच्या पुस्तकात आलं होतं. बापाला त्या कलमाखाली धरल्याचं आमच्या तालुक्यात तरी माझ्या ऐकिवात नाही. २०२४च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. तेव्हा मुलाला दारू मिळाली कशी, यावरून बारवाल्यांबरोबर बापावरही या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पुढे मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपात आईबापांना अटक झाली. खरंखोटं न्यायालय ठरवील. मुलाला सुरुवातीला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता, ते वाचून जन्मभर निबंध तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाला हसावं की रडावं कळेना. निबंध लिहायला सांगायचाच होता, तर घरातल्या मोठ्यांनाही सांगायला हवा होता.

मोठ्यांत मीही येतो. वीसेक वर्षांपूर्वी गावच्या यात्रेला माझे मेहुणे मुंबईहून आले. मी माळकरी, घरात पेला लागत नाही. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? ते गच्चीवर बसले. बाटली त्यांची त्यांनी आणली होती. मी आठवीतल्या माझ्या मुलाला हाक मारली, पैसे दिले आणि म्हणालो, "फरसाण, खारे शेंगदाणे, दोन सोडे आणि बर्फ घेऊन ये. पळ." तो पळत गेला आणि पळत आला. चकणा आणायला पोराला पाठवणं म्हणजे दारू आणायला पाठवणं नव्हे, अशी माझी समजूत होती. थोड्या वेळानं मी वर गेलो. पोरानं कांदा उभा चिरून ताटलीत मांडला होता, शेंगदाण्यांवर लिंबू पिळलं होतं आणि मामाच्या ग्लासात किती बोटं सोडा घालायचा ते न विचारता घालत होता. "कुठं शिकलास रे?" म्हटलं, तर म्हणाला, "मामांनी मागच्या यात्रेला शिकवलं." ग्लासाच्या तळाशी काय उरतं, तेही मग त्याला माहीत असणार. मी काही बोललो नाही. मेहुणे दुखावले असते. आजीला असली अडचण पडली नव्हती. तिच्यापुढे तर पोटचा मुलगा होता.

मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. तो पितो की नाही, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

चैत्रात आमच्या भागातल्या यात्रा सुरू होतील. मेहुणे-पाहुणे येतील, गच्च्या भरतील. त्यांना नाही म्हणायची छाती मला झाली नाही, तर तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? फक्त एवढं करा. चकण्याची पिशवी घेऊन दुकानात तुमचे तुम्ही जा.